शाळेच्या स्वयंपाकघराच्या वायरिंगचं कोटेशन देताना

पॉइंटला, म्हणजे दिवा, पंखा किंवा सॉकेटच्या दर जोडणीला, इतके रुपये असा भाव सांगून मोकळा होऊ नकोस. घरगुती कामात ते खपतं, इथे अंगाशी येतं. आधी स्वयंपाकाच्या मावशींना भेट. मुख्याध्यापक 'दोन ट्यूब, एक पंखा' म्हणतात. मिक्सर, फ्रीज, वॉटर प्युरिफायर आणि उद्या येणारा ग्राइंडर कुठे बसणार, हे मावशींनाच ठाऊक असतं. एक एचपीची मोटर म्हणजे 746 वॅट, शिवाय सुरू होताना ती कितीतरी जास्त करंट ओढते. बेरीज करून मीटरचा मंजूर भार बघ. तो वाढवायचा खर्च शाळेचा, हे कोटेशनमध्येच लिही.

खरी मेख गॅसची. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरपाशी खाली सॉकेट नकोच. बोर्ड वर घे, एक्झॉस्टचा स्विच दाराबाहेर. फरशी रोज धुतली जाते, तेव्हा 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग यांत घासाघीस ऐकून घेऊ नकोस. फ्रीजला स्वतःची आरसीसीबी दे, नाहीतर शनिवारी ग्राइंडरने ट्रिप केलं की सोमवारी दूध नासलेलं.

काम मे महिन्यात धर. शाळा चालू असताना खिचडी शिजेपर्यंत लाइन कोणी बंद करू देत नाही, आणि कारागिरांची हजेरी मात्र तुझ्याच खिशातून. वायरसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या, म्हणजे खाचा, बुजवणार कोण, तू की गवंडी, तेही आधीच ठरव. भांडणं तिथेच होतात. जीएसटी वेगळा दाखव. अनुदानाची बिलं रखडतात, तेव्हा निदान मालाचे पैसे आगाऊ घे.