अन्यभाषा आल्या नाहीत म्हणून

प्रश्न : अकरा वर्षं मी एका पेंटेकॉस्टल मंडळीत आहे. पाण्याचा बाप्तिस्मा घेतलाय, रविवारच्या शाळेत शिकवते. पण प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं, ज्याला आपण अन्यभाषा म्हणतो, ते मला अजून आलेलं नाही. गेल्या उपास-प्रार्थनेत एक वडीलधारी बहीण सर्वांदेखत म्हणाली, "हिच्या आत काहीतरी अडलंय." आपल्या चळवळीचे मूळपुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या पास्टर विल्यम सेमूर यांचीही शिकवण अशीच होती का? – एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे माणूस पवित्र आत्म्याने भरला जाणं, झाला की अन्यभाषा यायलाच हव्यात, असंच सेमूर यांनी सुरुवातीला शिकवलं, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ते शिकवताना त्यांना स्वतःला अन्यभाषा आलेल्या नव्हत्या. तुम्ही आज जिथे उभ्या आहात, तिथेच ते उभे होते.

सेमूर यांचा जन्म १८७० साली लुइझियानात झाला. आईबाप पूर्वी गुलामगिरीत राहिलेले. देवीच्या रोगात त्यांचा एक डोळा गेला. १९०६ च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहॅम नावाच्या गोऱ्या उपदेशकाच्या बायबल शाळेत ते शिकायला गेले. काळ्यांनी गोऱ्यांबरोबर एका खोलीत बसायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून त्यांना वर्गाबाहेर बसून धडे ऐकावे लागले. अन्यभाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, हा धडा त्यांनी असा उंबऱ्याबाहेरून घेतला.

लॉस एंजेलिसच्या एका छोट्या मंडळीने त्यांना बोलावलं. त्यांनी तिथे हीच शिकवण मांडली, तर पुढच्या वेळी दाराला कुलूप! मग बॉनी ब्रे रस्त्यावरच्या एका घरात प्रार्थना सुरू झाल्या. धुणीभांडी करणाऱ्या बाया, झाडलोट करणारे पुरुष यायचे. ९ एप्रिलला तिथे इतरांना अन्यभाषा आल्या, सेमूर यांना १२ तारखेला. मधल्या तीन दिवसांत त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केलाय.

पुढे अझूसा रस्त्यावरची एक जुनी इमारत मिळाली. आधीचं चर्च, नंतर तिथे घोडे बांधत. जमीन मातीची, बसायला पिंपांवर टाकलेल्या फळ्या, आणि एकावर एक ठेवलेली दोन लाकडी खोकी हेच पुलपीट. सेमूर वरच्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसायचे. जवळजवळ तीन वर्षं तिथे रोज सभा चालल्या. काळे, गोरे, मेक्सिकन एकाच फळीवर बसत, स्त्रियाही उपदेश करत. काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारणाऱ्या त्या काळच्या अमेरिकेत ही केवढी गोष्ट!

१९०६ च्याच ऑक्टोबरमध्ये गुरू पारहॅम पाहायला आले. काळे-गोरे गळ्यात गळे घालून प्रार्थना करताहेत, हे पाहून त्यांना किळस आली. त्यांनी सर्वांसमोर निषेध केला आणि मंडळीने त्यांना दार दाखवलं. खुणेची शिकवण ज्यांनी दिली, त्यांच्याच तोंडी हा तिरस्कार. सेमूर यांच्या शिकवणीचा भर नंतर सरकला तो या अनुभवामुळे, असं माझं मत आहे. अझूसाच्या या मंडळीच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. १९०७-०८ च्या हिवाळ्यातल्या अंकात तुमचाच प्रश्न आहे : आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याचा खरा पुरावा कोणता? उत्तर आहे : दैवी प्रीती. मग गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ, आणि त्यानंतर बाहेरच्या खुणांमध्ये अन्यभाषा. त्यांनी अन्यभाषा सोडून दिल्या नाहीत, पण त्यांची जागा बदलली.

आता आपल्या केडगावचं. अझूसाच्या आधी, १९०५ च्या जूनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन (आध्यात्मिक जागृतीची लाट) आलं होतं. माझी आजी तिथलीच, गुजरातच्या दुष्काळातून आणलेली पोर. ती सांगायची, मुली रडत, पापं कबूल करत, काहींना न शिकलेल्या भाषा येत. रमाबाईंनी त्या मुलींना अडवलं नाही. त्यांना स्वतःला अन्यभाषा आल्या नाहीत. मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या त्या बाईंच्या आत काही अडलं होतं, असं म्हणायला तुमच्या मंडळीतलं कोणी धजेल का? तिथल्याच मिशनरी मिनी एब्रम्स यांनीही अन्यभाषा प्रत्येकाला यायलाच हव्यात असा हट्ट धरला नाही.

मी तीस वर्षं पाळक होतो. 'आली का, आली का' म्हणत खांदे हलवणाऱ्यांच्या धाकाने तोंडातून नुसते आवाज काढणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. रात्री ती माझ्याकडे येऊन रडत. तसं तुम्ही करू नका. दान मागायचं असेल तर जरूर मागा, पण देवाकडे मागा, त्या बहिणीचं तोंड बंद व्हावं म्हणून नको.

त्या बहिणीकडे एकट्या जा. मत्तय १८:१५ तेच सांगतं. तिने तुम्हाला सर्वांदेखत बोललं, तुम्ही मात्र तिच्या स्वयंपाकघरात बसून बोला. तिने ऐकलं नाही तर पास्टरांना बरोबर घ्या. आणि मधल्या काळात रविवारची शाळा बंद करू नका. ती पोरं तुमची वाट बघत असतील.