मळ्यातल्या लग्नाचा मांडव : वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न झालं की या सदरात येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. यावेळी नाशिक आणि आजूबाजूच्या गावांतून बरेच जणांनी साधारण एकच गोष्ट विचारलीये, हॉल नको, मळ्यात लग्न करायचंय, आणि सजावट लाकूड, बांबू, गवत, मातीची पाहिजे. मला हा विषय फार जवळचा आहे म्हणून यावेळची सगळी जागा त्यालाच दिली.

प्रश्न : ताई, माझं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी आहे, मखमलाबादला काकांच्या द्राक्षबागेत. मी मोबाईलवर खूप फोटो सेव्ह करून ठेवलेत, बसायला गवताचे चौकोनी गठ्ठे, लाकडी कमान, वाइनचं पिंप उभं करून त्याचं टेबल. डेकोरेटर म्हणतो सगळं होईल, पण वेल प्लास्टिकचा आणि लाकूड म्हणजे थर्माकोलला रंग. खऱ्या बागेत प्लास्टिकचा वेल लावायला मन होत नाहीये.

उत्तर : मन होत नाहीये ना, मग लावूच नकोस. आणि थर्माकोलचं म्हणशील तर ते आवडीनिवडीपुरतं राहिलेलंच नाहीये, आपल्या राज्यात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. डेकोरेटरला हे स्पष्ट सांग.

आता जागेचं. बागेत लग्न म्हणजे वेलींच्या खाली लग्न असं तुझ्या डोक्यात असेल तर काकांशी आधी बोल, कारण फेब्रुवारीच्या शेवटी तिथे ऐन काढणी चालू असते, घड लटकलेले असतात, व्यापारी येऊन माल बघून जातात, आणि दोनशे पाहुणे आत शिरले की प्रत्येकजण चार-चार मणी तोडणारच, त्यात फवारणीचं काय झालंय ते पाहुण्यांना माहीत नसतं. लग्न खळ्यावर कर, किंवा मळ्यातल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, आणि बाग मागे दिसू दे. फोटोत तीच बाग येते आणि काकांचं वर्षभराचं पीकही सुरक्षित राहतं.

जमीन हे सजावटीचं पहिलं काम आहे आणि सगळे ते शेवटच्या दिवसावर ढकलतात. आठवडाभर आधी पाणी मारून रोलर फिरवून घे, मग दोन-तीन दिवस आधी शेणाने सारवून घे म्हणजे नीट वाळतं, धूळ उडत नाही आणि कडेने रांगोळी काढली की कार्पेटची गरजच पडत नाही. लग्नाच्या सकाळी पाणी मारू नको, चिखल होतो आणि शालूचा काठ खराब होतो. मैत्रिणींना उंच टाचा घालू नका म्हणून आधीच सांगून ठेव.

ते चौकोनी गठ्ठे फोटोत छान दिसतात पण आपल्याकडे त्याच कामाचं काय आहे ते बघ ना. बाजरीचं सरमाड असतं, ज्वारीचा कडबा असतो, इगतपुरी-त्र्यंबककडचा भाताचा पेंढा असतो. पेंढ्या एकावर एक रचून वर जाड सतरंजी किंवा जाजम घातलं की तरुण पोरांना बसायला मस्त जागा होते. नुसत्या पेंढ्यावर मात्र कोणाला बसवू नको, ते टोचतं आणि पैठणीचा धागा ओढला जातो. म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकायला खुर्चीच पाहिजे, गुडघेदुखीवाल्या आजीला ओंडक्यावर बसवायचं नाही. घरातल्या जुन्या लाकडी खुर्च्या, बाक, माळ्यावरची बाज, झोपाळ्याची फळी, असं जे काय आहे ते काकांकडून, मामाकडून, शेजाऱ्यांकडून गोळा कर, एकसारखं नसलं तरी चालतं, उलट घरोघरचं सामान एकत्र आलं की ते लग्न आपलं वाटतं.

पिंपाचं सांगते. ओकची साधारण 225 लिटरची पिंपं आपल्या भागातल्या वायनरीत असतात, वापरून झालेली कोणी भाड्याने किंवा विकत दिली तर घे, पण रिकामं पिंप सुद्धा पन्नासेक किलोचं असतं, दोघंतिघं लागतात. बरेच दिवस कोरडं पडलेलं असेल तर लाकूड आकसून वरच्या लोखंडी कड्या सैल होतात, त्या हलवून बघितल्याशिवाय वर काही ठेवू नको.

आणि वेल हवाच असेल तर काकांच्या बांधावर ऑक्टोबर छाटणीच्या काड्या शिल्लक आहेत का विचार. बरेच शेतकरी त्या कुट्टी करून बागेतच टाकतात, पण ढीग उरला असेल तर तुझं काम झालं. वाळलेली काडी वाकवली की मोडते म्हणून रात्रभर हौदात बुडवून ठेव, सकाळी ती गोल वळते, तीन-चार काड्या एकमेकींत गुंफून कडं कर आणि त्यात ताजी शेवंती खोच. काड्या आधी स्वच्छ धुऊन घे, औषधाचा अंश असतो. गुलाबाचं म्हणशील तर जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाऊसचा गुलाब 14 फेब्रुवारीपर्यंत महाग असतो, नंतर भाव उतरतो, तुझी तारीख त्या हिशोबाने चांगली आहे.

प्रश्न : नमस्कार. सिन्नरला मुलीच्या लग्नाचा मांडव बांबूचा करायचा ठरवलंय. आमच्याकडे मांडवडहाळे बैलगाडीतून वाजतगाजत आणायची पद्धत होती, आता ट्रॅक्टर आलाय. मला परत बैलगाडी करायचीये. बांबू कोणता घ्यावा, भुंगा लागतो म्हणतात, आणि मांडवावर गवत शाकारलं तर चालेल का?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं. मुहूर्तमेढ आणि डहाळे हीच तर आपली मूळ सजावट आहे, आंबा-उंबर-जांभळाच्या डहाळ्यांनी मांडव हिरवा करायचा हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

खांबांना मानवेल घ्या, तो भरीव असतो, वजन पेलतो. कळक जाड आणि पोकळ, तो दिसायला भारदस्त, कमानीला आणि आडव्या कामाला चालतो. पेठ-सुरगाण्याकडून बांबू येतो. 2017 च्या कायद्यातल्या बदलानंतर वनाबाहेर खाजगी शेतात लावलेला बांबू कायद्याने झाड धरला जात नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून सरळ विकत घेता येतो. भुंगा लागतो तो बांबूतल्या पिठूळ भागासाठी, म्हणून कोवळा बांबू लवकर पोखरला जातो. तीन वर्षं झालेला, वाजवला की ठणठणीत आवाज देणारा घ्या. एका दिवसाच्या मांडवाला औषधात बुडवायची काही गरज नाही, ते फर्निचर करायचं असेल तेव्हा. खांब दीड-दोन फूट गाडा, आणि नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानात गाडू नका, माती धरत नाही आणि संध्याकाळचा वारा सुटला की सगळं डुलायला लागतं.

गवताचं मात्र ऐका. बैठकीच्या बाजूला, कडेच्या छपरावर गवत शाकारा, छानच दिसतं. पण जिथे होम होणार त्या जागेवर वरती वाळलेलं गवत, पेंढा, कापडी झालर यातलं काहीही नको. लाजाहोमाच्या ठिणग्या वर उडतात आणि भटजींनी तूप सोडलं की ज्वाला हातभर उंच होते. त्या चौकात वरती ओले डहाळे तरी ठेवा नाहीतर सरळ आकाश उघडं ठेवा. दिव्यांचं पण तेच, हॅलोजन तापतो, गवताजवळ फक्त एलईडीच्या पिवळ्या माळा, आणि वायरीचे जोड उघडे नकोत. दोन पिंपं पाणी आणि वाळूच्या बादल्या मांडवाच्या मागे भरलेल्या असू द्या.

डहाळे आदल्या दिवशी पहाटे तोडा आणि देठ पाण्यात राहतील असे बादल्यांत उभे करून सावलीत ठेवा. फेब्रुवारीत आंब्याला मोहर आणि बारीक कैऱ्या असतात, त्यामुळे आंब्याचे पाचच डहाळे मानाचे घ्या आणि बाकी हिरवाई जांभूळ, केळीचे खुंट, सुबाभूळ यांची करा. रस्त्याकडेच्या किंवा वनातल्या झाडाला हात लावू नका.

बैलगाडीची एक गोष्ट, जी माझ्या भाचीच्या लग्नात आम्हाला फार उशिरा कळली. आखाचं वंगण. नवरी गाडीतून उतरताना तिचा शालू चाकाला घासला आणि काळा पट्टा पडला, तो आजपर्यंत निघालेला नाही, तिची आई अजून हळहळते. आखाच्या टोकाला जुन्या सुती कापडाचा गोळा बांधा, वरून झेंडूची माळ गुंडाळा आणि उतरायची बाजू मागून ठेवा. आणि बैलांपुढे डीजे नको, फटाके तर नकोच. संबळ, सनई, हलगीवाले असतील तरी थोडे अंतरावर चालू द्या.

प्रश्न : मला लग्नात वाळलेलं गवत आणि ड्राय फुलं लावायची आहेत पण होणाऱ्या सासूबाई म्हणतात लग्नात वाळलेलं, सुकलेलं अशुभ असतं. समजावून कसं सांगू? (नाशिकरोड)

उत्तर : अगं समजावू नकोस, ऐक. त्यांचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे लग्न म्हणजे ओलं, हिरवं, भरलेलं. हळद ओली, अक्षता ओल्या कुंकवाच्या, कलशात पाणी, ओटीत नारळ. सुकलेल्या फुलांची माळ आपण देवालाही ठेवत नाही, मग ज्या बाईने आयुष्यभर हे पाळलंय तिला ते दारावर बघून कसं वाटेल याचा विचार कर.

पण त्याच घरात वाळलेलं धान्य मात्र लक्ष्मी असतं. दारावर भाताच्या ओंब्यांचं तोरण लावायची आपली जुनी पद्धत आहेच. म्हणून गवताऐवजी दाण्याने भरलेली कणसं घे, ज्वारीची, बाजरीची, गव्हाच्या ओंब्या. रंग तोच सोनेरी, झुबका तसाच. सुपात, दुरडीत, रोवळीत उभी कर, मध्ये एक हिरवा डहाळा आणि पिवळी शेवंती. हे घेऊन सासूबाईंकडे जा आणि तोरण कसं बांधायचं ते त्यांनाच विचार, माझा अनुभव असा की मग त्याच रात्री बसून दहा तोरणं करून देतात. चिमण्या मात्र येतील, येऊ दे.

प्रश्न : जुने तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळं आणि कुंभाराकडचे माठ सजावटीला वापरायचेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : तांबं चिंच-मिठाने आदल्या रात्री घासा, आठवडाभर आधी घासलं तर परत काळवंडतं. धुऊन लगेच कोरडं पुसा, पाण्याचे डाग राहतात. नसतील भांडी तर विकत घ्यायच्या आधी भावकीत विचारा, आपल्या नाशिकला भांडी बाजार आणि तांबट लेन आहे, जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून चिक्कार पितळ पडलेलं असतं. मातीचा माठ पाझरतो हे लक्षात असू द्या, लाकडी टेबलावर ठेवून पाणी-फुलं भरली की खाली ओला गोल उमटतो. आत स्टीलचा लहान डबा बसवा आणि फुलं त्यात ठेवा. माठ रंगवायचाच तर गेरू आणि चुना. सोनेरी स्प्रे नको, मग तो माठ उन्हाळ्यात पाण्याला वापरता येत नाही.

प्रश्न : स्टेजमागे वारली चित्रांचा फ्लेक्स लावला तर गावाकडचं वाटेल का?

उत्तर : फ्लेक्स नको, आणि कारण फक्त प्लास्टिक हे नाही. वारली समाजात लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, तो त्यांच्या लग्नाचा विधी आहे. तो चौक इंटरनेटवरून उचलून छापून नवरा-नवरीच्या पाठीमागे टांगायचा हे मला बरोबर वाटत नाही. आपल्या पेठ-सुरगाण्यात वारली वस्ती आहे, तिथल्या चित्रकाराला मानाने बोलवा, गेरूने सारवलेल्या कुडाच्या पॅनेलवर किंवा जाड सुती कापडावर त्यांना जे योग्य वाटेल ते काढू द्या, नाचाचा तारपा असेल, शेत असेल, आणि त्याचे ठरलेले पैसे हातात द्या. कुड म्हणजे कारवीच्या काड्यांची भिंत, फोटोत फ्लेक्सपेक्षा कितीतरी सुंदर येते. लग्नानंतर ते कापड घरात लावता येतं.

प्रश्न : कांद्याच्या जुन्या गोण्या टेबलावर अंथरल्या तर? लासलगावला भरपूर मिळतात.

उत्तर : वास जात नाही हो, जेवणाच्या टेबलावर तर अजिबातच नको. नवीन गोणपाट मीटरवर मिळतं, एकदा धुऊन घ्या म्हणजे सुटी तूस निघून जाते. जेवणाला पंगत करणार असाल तर टेबलाचा प्रश्नच मिटला, पाट, पळसाच्या पत्रावळी, भोवती रांगोळी, मध्ये समई.

प्रश्न : लग्न झाल्यावर या सगळ्याचं काय करायचं? आमच्याकडे मागच्या लग्नाचा कचरा महिनाभर बांधावर पडला होता. (दिंडोरी)

उत्तर : मी तर सामान ठरवतानाच हे विचारते, उद्या हे कुठे जाणार. कडबा गुरांना जाणार असेल तर त्यावर चमकी, स्प्रे, टाचण्या काही पडता कामा नये, मारुती स्तोत्रासारखं पाठ करून ठेवा, एक टाचणी गाईच्या पोटात गेली की तिचा जीव जातो. झेंडू खड्ड्यात, पण माळ नायलॉनच्या दोऱ्याची असेल तर खत झालं तरी दोरा तसाच राहतो, म्हणून फुलवाल्याला सुती दोरा आधीच सांगा. उष्टं रात्रीच खड्ड्यात बुजवा, मळ्याभोवती ऊस असेल तर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, हे तुम्हाला दिंडोरीत मी सांगायला नको. बांबूला सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे टोमॅटोवाला शेतकरी, गिरणारे गावाकडे टोमॅटो बांधायला बांबू लागतातच, लग्नाआधीच बोलून ठेवा आणि त्याला लागतात त्या मापाचे तुकडे कोणते निघतील ते बघून मांडव आखा. सोडताना पोरांना कोयता देऊ नका, ते सुतळीबरोबर बांबूही छाटतात, गाठी हाताने सोडा, जुड्या बांधा आणि गाडी यायच्या आत मोजून ठेवा.