४००० च्या खाली सिग्नल नाही? आधी फायबर कसली आहे ते बघा

तुम्ही लिहिलंय की एफटीआयआरला (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्र) फायबर प्रोब जोडला, कणभर पावडर ओळखायचीये आणि ४००० वेव्हनंबरच्या खाली, म्हणजे २.५ मायक्रॉनच्या पुढे, नुसता नॉइज येतोय. अलाइनमेंट सोडा हो. मोबाइलचा टॉर्च एका टोकाला धरा, दुसरीकडून पांढरा उजेड आला तर ती इन्फ्रारेडसाठी लागणारी सेलेनियमवाली चाल्कोजेनाइड काच नक्की नाही, ती डोळ्याला काळीच असते. बहुतेक साधी सिलिका निघेल. सिलिका २.४ मायक्रॉनच्या पुढे जवळपास काही जाऊ देत नाही, आणि फिंगरप्रिंट (पदार्थाची ओळख पटवणारा पट्टा) तर १५०० ते ५०० वेव्हनंबरमध्ये.

आमच्याकडे अगदी हेच. इंडेंटवर (मागणीपत्रावर) चाल्कोजेनाइड स्पष्ट लिहिलेलं, पण पर्चेसवाल्यांनी (पुण्यातलीच संस्था, नाव घेत नाही) कोटेशनांचा कंपॅरेटिव्ह तक्ता करताना 'ऑप्टिकल फायबर, एसएमए कनेक्टर' एवढंच ठेवलं आणि एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याला, ऑर्डर देऊन मोकळे. खोक्यावर चक्क 'लो ओएच सिलिका' छापलेलं. परत पाठवा म्हटलं तर स्टॉक एन्ट्री झालीये, आता ऑडिट ऑब्जेक्शन येईल. वर पर्चेसचा माणूस मलाच म्हणतो, "दोन्ही इन्फ्रारेडच ना मॅडम?" या पत्रापत्रीत मार्च उलटला, ग्रँटचे उरलेले पैसे लॅप्स, आणि पुढच्या मीटिंगला त्याच माणसाने विचारलं की तुमचा खर्च का झाला नाही!

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: नुसतं मटेरियलचं नाव पुरत नाही. '३ ते १० मायक्रॉन ट्रान्समिशन, टेस्ट कर्व्ह जोडावा, नसल्यास कोटेशन बाद' असं लिहा, आणि टेक्निकल कमिटीच्या सह्या झाल्याशिवाय प्राइस बिड उघडू देऊ नका. सिल्व्हर हॅलाइडची फायबर आणखी पुढे जाते पण उजेडात काळी पडते, पितळी फेरूल (टोकाची नळी) लावली तर खराब होते. चाल्कोजेनाइड ठिसूळ, बऱ्याचदा आत आर्सेनिक, तुकडे साध्या कचऱ्यात नकोत.

बाकी कोटिंग काढलेल्या भागावर थेंब सुकवणं वगैरे तुम्हाला माहीतच असेल. प्रकाश फायबरबाहेर एखाददुसरा मायक्रॉनच डोकावतो, त्यामुळे चिकटलेला पातळ थरही दिसतो, पण बोटाचं तेलही दिसतं. २९२० आणि २८५० ला शिखरांची जोडी आली तर आधी ग्लोव्हज घातले होते का ते आठवा, १२६० ला टोकदार शिखर आलं तर सिलिकॉन ग्रीसचा संशय घ्या. पावसाळ्यात पर्ज (यंत्रात कोरडी हवा सोडणं) नीट नसेल तर १६०० च्या आसपास वाफेच्या रेघांचं जंगल होतं, बॅकग्राउंड (सॅम्पलशिवायचं मोजमाप) सॅम्पलच्या लगेच आधी घ्या.

(मी केमिस्ट्रीवाली, ऑप्टिक्सवाल्यांनी चुकलं असेल तर सांगावं.) आणि एक, पावडर उचलून टेबलावर आणता येत असेल तर फायबर हवीच कशाला? डायमंड एटीआरवर (एफटीआयआरची हिऱ्याचा खडा असलेली जोडणी) ठेवून दाबा. फायबर रिअ‍ॅक्टरसाठी, किंवा सॅम्पल हलवताच येत नाही तिथे. तुमचं नक्की कुठलं ते लिहा, मग पुढचं सांगते.