सिमेंटचा पत्रा कापताना उडते ती धूळ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी शेड मारायचं काम करतो, अँगल, पत्रे, पन्हाळ सगळं. उन्हाळ्यात जुने सिमेंटचे पत्रे काढून नवीन टाकायची कामं खूप असतात. परवा साईटवरचे इंजिनियर म्हणाले या पत्र्यात अॅस्बेस्टॉस आहे, ग्राइंडर लावू नका, कॅन्सर होतो. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच काम केलं, त्यांना काही झालं नाही. मी तोंडाला रुमाल बांधतो. तेवढं पुरतं का? – एक शेडवाला, पाचोरा तालुका

उत्तर : भाऊ, रुमाल पुरत नाही आणि इंजिनियर साहेब खरं बोलले, त्यांचं ऐका.

आपल्याकडे जुना राखाडी नालीदार सिमेंटचा पत्रा म्हणजे बहुतेक वेळा सिमेंटात अॅस्बेस्टॉसचे तंतू घालून केलेला पत्रा. अॅस्बेस्टॉस हे खाणीतलं खनिज, पण ते दगडासारखं फुटत नाही, उभं चिरत जातं, एका तंतूचे दोन, दोनाचे चार, शेवटी डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक, आणि असले तंतू रुमालाच्या विणीतून आरामात आत जातात. छातीत गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत, तिथेच राहतात. पत्रा छपरावर अख्खा आहे तोवर तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, खाली राहणाऱ्याला फारसा धोका नसतो. धोका कापणाऱ्याला, भोक पाडणाऱ्याला आणि हातोडीने पत्रा फोडून खाली टाकणाऱ्याला.

वडिलांचं म्हणाल तर ते ठणठणीत आहेत हे चांगलंच आहे, पण या रोगांना वेळ फार लागतो. फुफ्फुस कडक होणं म्हणजे अॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कॅन्सर, फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा, हे धूळ गेल्यावर १०, २०, कधी ४० वर्षांनी दिसतात, त्या दिवशी ना खाज ना खोकला, म्हणून माणूस निवांत राहतो. शिवाय जुने मिस्त्री बरंचसं काम हाताच्या करवतीने आणि हातड्रिलने करायचे, त्याची धूळ कमी आणि जाड. आता चार इंची ग्राइंडर सगळ्यांकडे, तो तीच धूळ पिठासारखी बारीक करून थेट तोंडासमोर उडवतो. दुकानदार म्हणेल पांढरं अॅस्बेस्टॉस चालतं, नाही चालत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळेच प्रकार कॅन्सर करणारे ठरवलेत. ब्रिटनने १९९९ ला बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी. आपल्याकडे पत्रा अजून विकला जातो, म्हणून तुम्हालाच जपावं लागणार.

काम असं करा. आधी पत्रा पाण्याने चिंब भिजवा, पाण्यात थोडा साबण टाकला तर पाणी नीट मुरतं. ओला पत्रा घसरतो, म्हणून चढण्याआधी फळ्या टाका, जुन्या पत्र्यावर थेट पाय द्यायचाच नाही, बेल्ट लावा, कारण पत्र्यातून खाली पडून माणूस त्याच दिवशी जातो, त्याला कॅन्सरची वाट बघावी लागत नाही. पत्रा धरणाऱ्या वाकड्या ‘जे’ (J) बोल्टचे नट पान्याने सोडवा, गंजले असतील तर पत्रा फोडू नका, बोल्ट कटरने बोल्टच तोडा. पत्रा अख्खा काढून दोघांनी धरून खाली द्या, वरून फेकू नका. कापावंच लागलं तर ओला करून हाताच्या करवतीने. मास्क एफएफपी३ चा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या दर्जाचा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी वाढलेली असेल तर फटीतून धूळ जाते. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. हा सगळा खर्च रेट सांगतानाच मालकाला सांगा. साबण, प्लास्टिक आणि मास्कला असे किती लागतात, आणि तो खर्च तुमच्या खिशातून का जावा?

प्रश्न : आमचे हे पत्र्याचं काम करतात, संध्याकाळी कपडे पांढरेफटक असतात, मी ओट्यावर झटकून मग धुते. लहान मुलगी ते आले की पळत जाऊन बिलगते. या पत्र्याच्या धुळीबद्दल वाचून काळजी वाटली. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, झटकणं आजपासून बंद. नवऱ्याचे कपडे धुता धुता बायका आजारी पडल्याच्या नोंदी जगभर आहेत, तुमची काळजी रास्त आहे. कामाचे कपडे वेगळे ठेवा, त्यांनी साईटवरच बदलून पिशवीत बांधून आणावेत, तुम्ही ते बादलीत बुडवून, भिजल्यावरच धुवायचे, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. चपला बाहेर, आधी अंघोळ, मग मुलगी.

ते विडी ओढत असतील तर ती सोडायला लावा, मी हे जीव तोडून सांगते, कारण अॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरीज होऊन वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. जिना चढताना दम लागत असेल तर डॉक्टरांना आधी काम काय करतो ते सांगा, किती वर्षं तेही, नाहीतर दमा समजून औषधं चालू राहतात. एक्सरे आणि श्वासाची तपासणी मागा. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवा. तुमच्या नवऱ्याचं नाव अशा कुठल्याच वहीत नाही, म्हणून घरी एक वही करा, कुठली साईट, कधी, काय काम. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी नसेल तर करून घ्या, वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

प्रश्न : काढलेल्या पत्र्याचे तुकडे आमच्या गल्लीत चिखलावर टाकतात, मुरुमासारखे. आणि उन्हाळ्यात घरावरच्या पत्र्याला चुना मारतो, ते चालतं का? – एक घरमालक, धुळे

उत्तर : तुकडे टाकू देऊ नका. त्यावरून ट्रॅक्टर जातो, पावसात भुगा होतो, मार्चमध्ये तोच वाऱ्याबरोबर घराघरात. हा घातक कचरा आहे, जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि महापालिकेला लेखी अर्ज देऊन उचलायला लावा, प्रदूषण नियंत्रण मंडळालाही प्रत द्या. चुना चालेल, आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन मला माहीत आहे, लोखंडी पत्र्याखाली बसवत नाही हेही खरं. फक्त त्याआधी शेवाळ तारेच्या ब्रशने कोरडं खरवडू नका, प्रेशरचं पाणीही मारू नका, भिजवून मऊ ब्रशने काढा. पुढे पत्रा बदलाल तेव्हा अॅस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्रा मागा आणि तसं बिलावर लिहून घ्या.