ओढा सुधारला, हे कशावरून म्हणायचे?

ओढ्या-नाल्यांच्या पुनरुज्जीवनाची कामे झालेल्या गावांतून या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: काम तर झाले, ते साधले की नाही हे कसे ओळखायचे? त्यांतली काही पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओढ्याचे दोन किलोमीटर खोलीकरण झाले. ऑक्टोबरात विहिरी काठोकाठ भरल्या. निम्मे गाव म्हणते काम यशस्वी झाले, निम्मे म्हणते पाऊसच चांगला झाला. खरे कोणाचे?
(एक वाचक, ता. माण, जि. सातारा)

ऑक्टोबरच्या पाण्यावरून कुणाचेच खरे ठरत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवणारी जागा फार थोडी असते. बऱ्या पावसात ती भरते आणि उरलेले पाणी वाहून जाते. भरलेली विहीर आणखी भरत नाही. त्यामुळे काम झालेले गाव आणि न झालेले गाव ऑक्टोबरात सारखेच सुखी दिसते. फरक पडलाच असेल तर तो जानेवारीनंतर दिसतो: पातळी किती वेगाने उतरते आणि विहीर कोणत्या तारखेला तळाला लागते यात.

२०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यापासून 'इतके टीसीएम (हजार घनमीटर) साठवण झाली' ही भाषा गावोगाव रुळली आहे. किती गाळ उपसला, पोकलेन किती तास चालले, किती साठवण तयार झाली, हा सगळा कामाचा हिशेब झाला. परिणामाचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

त्यासाठी आठ-दहा विहिरी ठरवा. काही ओढ्यापासून दोन-तीनशे मीटरच्या आतल्या, काही काम झाले त्याच्या वरच्या अंगाच्या, आणि तीन-चार अशा, की ज्यांच्या ओढ्यावर काहीच काम झालेले नाही पण खडक आणि पाऊस तुमच्यासारखाच आहे. या शेवटच्या विहिरी नसतील तर बाकीची मोजणी जवळपास वाया जाते. प्रत्येक कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून दर नोंदीतून वजा करा. मोजणी पहाटे, मोटार बंद होऊन निदान बारा तास झाल्यावर करावी. चालू मोटारीच्या विहिरीत मीटरभर खोटी घट सहज दिसते. वीज रात्रीची असेल तर ज्या दिवशी मोटार लागणार नाही असा दिवस मालकाशी बोलून ठरवा.

तारखांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे महिने पकडा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. तुमच्या शिवारात किंवा जवळपास अशी विहीर असेल तर तिच्या जुन्या नोंदी मागून घ्या. कामाआधी काहीच मोजले नसेल तर तोच एक आधार उरतो. पावसाचे महसूल मंडळनिहाय आकडे महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यावर मिळतात, पण मंडळाच्या एका टोकाला पडलेला पाऊस दुसऱ्या टोकाला पोचतोच असे नाही. गावात एक साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेतलेली बरी.

आता हिशेब. समजा, कामाआधीच्या मे महिन्यात ओढ्याकाठच्या विहिरींत पाणी सरासरी ९.२ मीटर खोल होते, कामानंतरच्या मेमध्ये ७.४ मीटरवर आले. पातळी १.८ मीटर वर आली. त्याच काळात तुलनेच्या विहिरी ९.६ वरून ८.५ वर आल्या, म्हणजे नुसत्या पावसाने १.१ मीटरचा फरक पडला. कामाच्या खात्यावर जमा झाले ०.७ मीटर. ओढ्याच्या प्रभावाखाली ४० हेक्टर धरले आणि झिजलेल्या पाषाणात पाणी देणारी पोकळी २ टक्के धरली, तर ४,००,००० × ०.७ × ०.०२ = ५,६०० घनमीटर. पिकाला सहा सेंटिमीटर पाण्याची एक पाळी म्हटली तर हेक्टरी ६०० घनमीटर लागतात. म्हणजे नऊ-साडेनऊ हेक्टरला एक जादा पाळी. कामाच्या बोर्डावर लिहिलेल्या साठवणीच्या आकड्यापेक्षा हा आकडा बहुधा लहान निघतो, पण त्यावर पीक ठरवता येते.

एक वही मात्र विसरू नका: उपशाची. पाणी दिसले की ऊस वाढतो. मग मेची पातळी होती तिथेच राहते आणि काम फुकट गेले असे वाटते. रब्बी-उन्हाळी पिकांचे क्षेत्र आणि चालू मोटारींची संख्या दर वर्षी लिहून ठेवली नाही तर हा घोळ सुटत नाही.

प्रश्न : खोलीकरणात झालेल्या डोहात एप्रिलपर्यंत पाणी टिकते. यापेक्षा यशाचा दुसरा पुरावा काय हवा?
(एक वाचक, जि. लातूर)

गुरांना पाणी हवे म्हणून डोह केला असेल तर अभिनंदन. भूजल वाढावे म्हणून केला असेल तर काळजी करा. मुरणारे पाणी डोहात इतके दिवस राहत नाही.

डोहात सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवा आणि पाणी वाहायचे थांबल्यावर, कुणी मोटार टाकलेली नसेल अशा दहा दिवसांत पातळी किती उतरते ते पाहा. हिवाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची रोज साधारण ३ ते ५ मिलिमीटर वाफ होते, एप्रिल-मेमध्ये याच्या दुपटीच्या आसपास. डिसेंबरात पातळी दिवसाला २० मिलिमीटर उतरत असेल तर १५ ते १७ मिलिमीटर पाणी मुरते आहे. उतार जेमतेम ५ मिलिमीटर असेल तर सगळे पाणी आभाळात चालले आहे. कारण बहुतेक वेळा तळाशी बसलेला चिकणमातीचा साका असतो. दोन-चार इंचांचा थरही मुरण्याची वाट बंद करतो. मेमध्ये डोह कोरडा पडल्यावर तो खरवडून काढा. नुसता साका, खालचा खडक नव्हे.

दुसरी शक्यता जास्त वाईट आहे. पात्र खोल गेल्यामुळे बाजूच्या विहिरींचे पाणी पाझरून डोहात येत असेल, तर डोह भरलेला आणि विहिरी उतरलेल्या असे दृश्य दिसते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल लावतात तशी, डोहातल्या आणि लगतच्या विहिरीतल्या पाण्याची उंची एकाच खुणेपासून मोजा. डोहाचे पाणी खाली असेल तर डोह विहिरीला पाणी देत नसून तिचे घेतो आहे.

प्रश्न : ओढा किती महिने वाहतो याची नोंद आम्ही ठेवतो. प्रवाहही मोजावा का? त्याला खर्च किती?
(एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे)

वाहणे थांबल्याची आणि शेवटचा डोह आटल्याची तारीख ही फुकटातली सर्वांत कामाची नोंद आहे, ती चालूच ठेवा. प्रवाह मोजायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर लहान धारेसाठी पत्र्याची 'व्ही' खाच लावा. गावातला फॅब्रिकेटर ती कापून देतो. पत्रा आणि मजुरी एवढाच खर्च.

३ मिलिमीटर जाडीचा, पात्राच्या रुंदीला पुरेल असा पत्रा घ्या आणि मधोमध ९० अंशांची, २५ ते ३० सेंटिमीटर खोल खाच कापा. खाचेच्या कडा खालच्या अंगाने कानशीने घासून एक-दोन मिलिमीटरवर आणा. जाड कडेला पाणी चिकटून उतरते आणि आकडा बिघडतो. खाचेचे टोक वरच्या अंगाच्या तळापासून निदान ३० सेंटिमीटर वर हवे, आणि पलीकडे पाणी मोकळे, हवेतून पडले पाहिजे. पत्र्याखालून आणि बाजूने चिकणमाती, प्लॅस्टिकचा कागद आणि वाळूची पोती अशी बंदिस्ती करा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: निम्मी धार खालून निसटते आणि ओढा आटला अशी नोंद होते.

मोजपट्टी खाचेवर नको, मीटरभर वरच्या अंगाला हवी. खाचेजवळ पाणी खाली वाकते, म्हणून तिथली उंची कमी भरते. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत आणा. मग उंची ५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ०.८ लिटर, १० ला ४.४, १५ ला १२ आणि २० ला सुमारे २५ लिटर. ४.४ लिटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला ३ लाख ८० हजार लिटर होतात. १० ऐवजी चुकून ११ वाचले तर प्रवाह सव्वापटीहून जास्त दिसतो, तेव्हा खाचेत अडकलेला पाला काढून, पाणी स्थिर होऊ देऊन मगच वाचा. जूनपूर्वी पत्रा काढून ठेवा, नाहीतर पहिल्या पुरात तो शोधत फिरावे लागेल.

पावसाळ्यात तरंगती वस्तू सोडून अंदाज घेता येतो. सरळ दहा मीटरचा पट्टा, अर्धी भरलेली छोटी बाटली, पाच वेळा घेतलेली वेळ. पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो, म्हणून दगडगोट्यांच्या उथळ ओढ्यात वेगाला ०.७ ने गुणा. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर आणि दहा मीटरला ४० सेकंद लागले, तर सेकंदाला ३१ लिटर. हा अंदाजच आहे, पुराच्या पाण्यात उतरून तो सुधारायला जाऊ नये.

प्रश्न : गॅबियनच्या (तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या बंधाऱ्याच्या) मागची जागा दोनच पावसाळ्यांत गाळाने भरली. बंधारा फसला का?
(एक वाचक, जि. नाशिक)

नाही. गाळ अडवणे हे गॅबियनचे कामच आहे. ती जागा साठवण म्हणून मोजली असेल तर चूक मोजणाऱ्याची. तुम्ही जाळीच्या खालच्या पायथ्याशी खळगा पडतो का आणि पाणी कडेने वाट काढते का ते पाहा. गॅबियन जातो तो या दोन जागांनी.

प्रश्न : आमच्या वस्तीतला ओढा लोकसहभागातून साफ केला. पाण्यातला प्राणवायू तपासला, लिटरला ७ मिलिग्रॅम आला. आता पाणी चांगले झाले असे जाहीर करावे का?
(एक वाचक, पुणे)

तपासणी किती वाजता केली ते आधी पाहा. सांडपाण्याने शेवाळ माजलेल्या ओढ्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करते. रात्री तेच तो संपवते. नमुना सूर्योदयापूर्वी घ्या. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ किंवा कमी अशी आहे. पहाटे ५ टिकला तर आशा आहे. २५ अंशांच्या पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅमच मावतात, तेव्हा दुपारचा ११-१२ हा आकडा आनंदाचा नव्हे, शेवाळाचा.

रासायनिक तपासणी त्या क्षणाचे सांगते. तळातले किडे मागच्या कित्येक आठवड्यांचे सांगतात, कारण एका रात्री सोडलेले मैलापाणी सकाळी वाहून जाते, पण किडे मेले ते मेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची पिशवी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा आणि तिच्यापुढचे दगड तीन मिनिटे पायाने ढवळा. पिशवी पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन उलटी करा आणि थांबा. हालचाल सुरू झाली की दिसू लागते. पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिले, वाळूच्या कणांची नळी बांधून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर पाणी खरोखर सुधारते आहे. नुसत्या लाल अळ्या आणि गाळात वळवळणारे तांबडे धागे दिसले तर काठावरची रंगरंगोटी कितीही देखणी असो, सांडपाणी येतेच आहे.

तुलनेला वरच्या अंगाची एक जागा हवीच. राम नदीसारख्या ओढ्यावर एक नमुना भूगावकडच्या वरच्या पट्ट्यात आणि एक औंधला मुळेत मिळण्यापूर्वी, दोन्ही एकाच सकाळी घेतले तर मधल्या वस्तीने पाण्याचे काय केले ते कळते.

प्रश्न : काठावर लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगली. समाधान मानावे का?
(एक वाचक, जि. अहिल्यानगर)

मोजणी डिसेंबरातली असेल तर अजून नाही. टँकरचे पाणी बंद केल्यावर जो उन्हाळा जाईल, त्याच्या शेवटी मोजा. शिवाय लावलेल्यांपेक्षा आपोआप काय उगवले ते महत्त्वाचे: ठरावीक जागी दोरीने एक मीटरचे चौकोन आखून दर वर्षी पाहा. करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी, पाण्यालगत वाळुंज आणि लव्हाळा यांची पिले दिसत असतील तर काठ स्वतः उभा राहतो आहे. घाणेरी, बेशरम आणि वेडी बाभूळ वाढत असेल तर टक्केवारीचा उपयोग नाही.

प्रश्न : काम संपले त्याच्या वरच्या टोकाला ओढ्यात कमरेइतकी पायरी तयार झाली आहे आणि ती दर पावसाळ्यात वर सरकते. काठची शेते ढासळतात. हे काय आहे?
(एक वाचक, जि. बुलढाणा)

पात्र एकाएकी खोल केले की वरच्या टोकाशी पडणारे पाणी तळ कापत मागे जाते. खोलीकरणानंतरचा हा सर्वांत घातक दोष आहे. खालचा भाग छान दिसत असतो आणि मोजणीही तिथेच होते, म्हणून तो उशिरा ध्यानात येतो.

पायरीपासून वर, पुराच्या रेषेबाहेर दोन्ही काठांवर २० मिलिमीटरच्या सळया काँक्रीटमध्ये पक्क्या करा. दोन सळयांमध्ये दोरी समपातळीत ताणून दर अर्ध्या मीटरला खाली तळापर्यंतची खोली मोजा. असे छेद कामाच्या वर, कामात आणि खाली मिळून पाच तरी हवेत, आणि मेमध्ये व पावसाळा संपल्यावर तेच पुन्हा. पायरीच्या ओठापासून सळईपर्यंतचे अंतर मात्र प्रत्येक मोठ्या पुरानंतर घ्या. ते दर पुराला मीटरांनी घटत असेल तर आणखी एक पावसाळा मोजत बसू नका: पायरीवर खडी अंथरून, वर मोठे दगड एकमेकांत रुतवून, मीटरभर उंचीला आठ-दहा मीटर लांब असा दगडी उतार करून घ्या, दगड दोन्ही काठांत शिरलेले हवेत. तो होईपर्यंत वरच्या पट्ट्यात यंत्र उतरवू देऊ नका.