अमायलॉइड सापडले, मग पुन्हा तपासणी कशासाठी?

प्रश्न : लघवीतून प्रथिने जात असल्यामुळे माझ्या वडिलांच्या मूत्रपिंडाची बायोप्सी झाली. अहवालात ‘अमायलॉइड आढळले, प्रकार निश्चित करणे आवश्यक’ असे लिहिले आहे. अमायलॉइड म्हणजे काय, आणि निदान झालेले असताना तोच तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत का पाठवायचा?

उत्तर : अमायलॉइड हे एखाद्या प्रथिनाचे नाव नव्हे. प्रथिनाच्या साखळीची घडी चुकली, की काही प्रथिने एकमेकांना चिकटून बारीक, ताठ तंतू बनतात आणि शरीराला सहजी न विरघळवता येणारे हे तंतू पेशींच्या बाहेर साचत जातात. अशी तीसहून अधिक प्रथिने आज माहीत आहेत. 1854 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी आयोडीनने होणारा रंगबदल पाहून या साचलेल्या थराला, म्हणजे साक्याला, ‘पिष्टासारखा’ अशा अर्थाचे हे नाव दिले. पाच वर्षांतच तो प्रथिनाचा असल्याचे दिसून आले, पण नाव टिकले.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतीचा काप रंगवतात; त्या नेहमीच्या रंजनात हा साका फिकट गुलाबी आणि एकसारखा दिसतो, त्यामुळे घाईत पाहिल्यास तो साधा व्रण वाटू शकतो. म्हणून संशय येताच आम्ही विकृतिशास्त्रज्ञ काँगो रेड हे रंजक वापरतो. मुळात कापड रंगवण्यासाठी बनवलेल्या या रंजकाने साका विटकरी-केशरी होतो, परंतु कोलॅजेन हे ऊतींमधले नेहमीचे तंतुमय प्रथिनही थोडा रंग धरत असल्याने तेवढ्यावर निदान करणे मला धोक्याचे वाटते. खरी खूण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात पटते : असा प्रकाश देणारे दोन ध्रुवक (गाळण्या) काटकोनात आणले की सारे क्षेत्र अंधारते आणि त्या अंधारात साका हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकतो, तर कोलॅजेन रुपेरी पांढरे दिसते. यासाठी काप नेहमीच्या 3-4 मायक्रॉनऐवजी 8-10 मायक्रॉन जाडीचा घ्यावा लागतो. पातळ कापात थोडासा साका नजरेतून निसटतो.

मात्र ही हिरवी चमक प्रथिन कोणते ते सांगत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतात. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या हलक्या साखळ्या (प्रतिपिंडांचे लहान घटक) साचल्या असतील, तर त्या पेशींवर औषधे द्यावी लागतात. क्षयरोग किंवा संधिवातासारख्या दीर्घ दाहातून साका झाला असेल, तर तो दाह आटोक्यात आणावा लागतो. यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन साचले असेल, तर औषधे पूर्णपणे वेगळी असतात. केवळ रक्ततपासणीवर विसंबता येत नाही, कारण वयस्कर माणसाच्या रक्तात हलक्या साखळ्या योगायोगानेही वाढलेल्या असू शकतात आणि साका मात्र भलत्याच प्रथिनाचा निघतो. अशा रुग्णाला नको ती केमोथेरपी दिली जाऊ नये, हीच आमची काळजी असते. म्हणून प्रत्यक्ष साक्यातील प्रथिन विशिष्ट प्रतिपिंडांनी ओळखतात. तेही संदिग्ध राहिले, तर लेझरने नेमका साका कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून प्रथिन ओळखणाऱ्या पद्धतीने, तपासतात.

वडिलांची बायोप्सी त्यासाठी बहुधा पुन्हा करावी लागणार नाही. ऊतीचा तुकडा मेणात जपलेला मूळ ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या आणि तो पाठवताना रक्त व लघवीतील हलक्या साखळ्यांचे अहवालही सोबत जोडा.