तुमचे प्रश्न : सेटिंग फाइलमधल्या न दिसणाऱ्या जागा

प्रश्न : केळीच्या रायपनिंग चेंबरची सेटिंग आम्ही एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतो आणि पायथनने वाचतो. एडिटरमध्ये फाइल फॉरमॅट केल्यापासून 'पिकवणी' हा मोड प्रोग्रामला सापडत नाही. पोर्ट नंबर मात्र बरोबर येतो. असं का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : एडिटरने मजकूर खालच्या ओळीवर ढकलला असणार :

<मोड>
    पिकवणी
</मोड>

(टॅगचं नाव देवनागरीत असलेलं एक्सएमएलला चालतं.) आता 'पिकवणी'च्या आधी एक नवी ओळ आणि चार स्पेस आहेत, नंतर आणखी एक नवी ओळ. १९९८ च्या एक्सएमएल १.० पासून नियम असा की टॅगबाहेरचं प्रत्येक अक्षर पार्सरने (फाइल वाचून उलगडणाऱ्या भागाने) प्रोग्रामच्या हवाली करायचं. यातली कोणती जागा शोभेची आणि कोणती कामाची, हे त्याला कसं कळणार? पोर्ट चालतो, कारण पायथनचं इंट (मजकुराचा अंक करणारं फंक्शन) आजूबाजूची जागा स्वतःच झटकतं. जावाचं तेच काम करणारं पार्सइंट तिथेच अडलं असतं. तेव्हा पोर्ट बरोबर आला म्हणून फाइलला निर्दोष समजू नका.

फाइलमधली प्रत्येक किंमत एकाच फंक्शनमधून वाचा. मोड, तापमान, चेंबर नंबर यांना तिथे स्ट्रिप (टोकांच्या मोकळ्या जागा छाटणारं फंक्शन) लावा; पासवर्डला लावू नका, त्यातली स्पेस खरी असू शकते. टॅग अगदी रिकामा असेल तर एलिमेंटट्री (पायथनची एक्सएमएल वाचणारी लायब्ररी) 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देतं आणि त्यावर स्ट्रिप केलं की प्रोग्राम कोसळतो. म्हणून आधी ते तपासा, आणि एररमध्ये टॅगचं नाव छापा. एक्सएमएल-स्पेस हे ॲट्रिब्यूट लावून यातलं काही सुटत नाही; ती प्रोग्रामला दिलेली नुसती सूचना असते.

प्रश्न : जावात ट्रिम लावूनही 'कुऱ्हे पानाचे' हे गाव यादीशी जुळत नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं सारखीच दिसतात.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : दोन संशयित आहेत. पहिला, दोन शब्दांमधली स्पेस. वेबपेजवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावात बऱ्याचदा १६० कोडची न तुटणारी स्पेस येते. एक्सएमएल फक्त स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी दोन अक्षरं यांनाच मोकळी जागा मानतं. ट्रिम ३२ (साधी स्पेस) पर्यंतचे कोड काढतं, तेही फक्त टोकांचे. जावा ११ मधलं स्ट्रिपसुद्धा १६० ला हात लावत नाही. आधी १६० च्या जागी साधी स्पेस घाला, मग ट्रिम करा.

दुसरा संशयित खास आपला : 'ऱ्हे'. हे जोडाक्षर नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, तसंच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे हे चिन्ह) अशा पद्धतीनेही लिहितात. दिसायला दोन्ही एकच, पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) त्यांना एक करत नाही. जोडक सरसकट पुसलात तर 'कुर्हे' होईल. त्यापेक्षा 'र, हलन्त, जोडक' हे तीन एकापाठोपाठ दिसतील तिथे 'ऱ, हलन्त' घाला, फाइलमध्येही आणि यादीतही. खरं तर जुळवणीला गावाचा कोड वापरावा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवावं.

प्रश्न : पंपाचे संदेश आम्ही अहिराणीत ठेवलेत. <संदेश>पंप <ठळक>२</ठळक> बंद शे</संदेश> हा संदेश 'पंप२बंद शे' असा का छापला जातो?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : कारण इथे स्ट्रिप नको होतं. 'पंप'नंतरची स्पेस संदेशच्या टेक्स्टमध्ये आहे आणि 'बंद'आधीची ठळकच्या टेलमध्ये (टॅग बंद झाल्यानंतरच्या मजकुरात). तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या छाटल्या. इटरटेक्स्टने सगळे तुकडे जसेच्या तसे जोडा, मग अख्ख्या ओळीवर एकदाच स्प्लिट करून एकेका स्पेसने जॉइन करा.

प्रश्न : मिनिडॉमने (पायथनची आणखी एक एक्सएमएल लायब्ररी) फाइल सेव्ह केली की दर वेळी रिकाम्या ओळी वाढतात.
— एक वाचक, धुळे

उत्तर : मिनिडॉमचं टूप्रेटीएक्सएमएल जुन्या नव्या-ओळी मजकूर समजून जपतं आणि वर स्वतःच्या घालतं. पायथन ३.९ पासून एलिमेंटट्रीत ओळी मांडून देणारं इंडेंट आहे, ते वापरा. मात्र वरच्या प्रश्नातल्यासारखे संदेश त्याच फाइलमध्ये असतील तर छापून एकदा तपासा.